पावसाळ्यातली उबवणी आणि पाण्याचा ट्रे

वाचकाचे पत्र : मी संगमेश्वर तालुक्यात राहते. घरच्या गावठी कोंबड्यांची अंडी उबवण्यासाठी दोन वर्षांपूर्वी पंखा असलेले १०० अंड्यांचे मशीन घेतले. जानेवारी-फेब्रुवारीत १०० अंड्यांमागे ७० च्या वर पिल्ले निघतात, पण जुलै-ऑगस्टच्या दोन्ही बॅचमध्ये ४० सुद्धा निघाली नाहीत. १८ व्या दिवशी उजेडावर पाहिली तेव्हा बहुतेक अंडी जिवंत होती. न फुटलेली अंडी नंतर फोडून पाहिली, तर आत पूर्ण वाढलेली, ओली आणि सुजल्यासारखी पिल्ले मेलेली आढळली. जी निघाली ती २१ व्या दिवशीच निघाली, पण त्यांची लव चिकट होती. मशीनसोबत आलेल्या पत्रकात सांगितल्याप्रमाणे पाण्याचे दोन्ही ट्रे कायम भरलेले ठेवते. आर्द्रता ६५ ते ७० दाखवते. तीच कमी पडत असावी असे समजून दुसऱ्या बॅचला ओला स्पंजही ठेवला होता. कुठे चुकते आहे? अडकलेले पिल्लू कवच फोडून बाहेर काढावे का? आणि बदकाची अंडी याच मशीनमध्ये ठेवता येतील का?

उत्तर :

ताई, आपण मेलेली पिल्ले फेकून न देता अंडी फोडून पाहिलीत आणि काय दिसले ते नेमके लिहिलेत, त्यामुळे माझे निम्मे काम झाले. पूर्ण वाढलेले पिल्लू ओल्या, सुजलेल्या अवस्थेत कवचातच मरते आणि बाहेर आलेल्यांची लव चिकट असते, तेव्हा पहिला संशय अंड्यातून पुरेसे पाणी बाहेर न गेल्याचा घ्यावा. आपली पिल्ले २१ व्या दिवशीच निघाली हे आपण लिहिलेत तेही बरे झाले. मशीनचे तापमान कमी असते तर पिल्ले २२ व्या किंवा २३ व्या दिवसापर्यंत रेंगाळली असती, आणि तीही अशीच मलूल व ओलसर दिसली असती. तेव्हा तापमानाकडे तूर्त बोट दाखवण्याचे कारण नाही. आपल्या मशीनमध्ये पाणी कमी पडत नसून जास्त होत आहे, आणि स्पंज ठेवल्याने त्यात भरच पडली.

अंड्यात पाणी टिकवून ठेवणे म्हणजे चांगली उबवणी, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात अंड्यातले काही पाणी जाणे हे पिल्लाच्या जन्मासाठी आवश्यक असते. कोंबडीच्या अंड्याच्या कवचावर काही हजार सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून २१ दिवस प्राणवायू आत येतो, तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. बलकातली चरबी वापरून पिल्लू वाढत असताना त्या क्रियेतूनही पाणी तयार होत राहते, आणि ते बाहेर पडले नाही तर पिल्लाच्या अंगात व आजूबाजूला साचते. जेवढे पाणी जाते तेवढी जागा अंड्याच्या रुंद टोकाकडची हवेची पोकळी घेते. साधारण १९ व्या किंवा २० व्या दिवशी पिल्लू आतला पडदा फोडून याच पोकळीत चोच घालते आणि आयुष्यातला पहिला श्वास घेते. पोकळी लहान राहिली असेल, पिल्लू सुजलेले असेल आणि त्याला वळायलाही जागा नसेल, तर चोच हवेत जाण्याऐवजी द्रवात जाते आणि पिल्लू तिथेच गुदमरते. आपण फोडलेल्या अंड्यांमध्ये बहुधा हेच घडले होते.

किती पाणी जावे याचे उत्तर ठरलेले आहे. अंडी मशीनमध्ये ठेवल्यापासून १८ व्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन मूळ वजनाच्या सुमारे १२ टक्क्यांनी घटले पाहिजे, एखादा टक्का इकडेतिकडे चालतो. ५० ते ५५ टक्के आर्द्रता हा आकडा जो सगळीकडे सांगितला जातो, तो ही घट साधावी म्हणूनच सांगितला जातो. साध्य घट आहे आणि आर्द्रता हे त्याचे साधन आहे. पत्रक लिहिणारे आणि आपण वाचणारे, दोघेही हे विसरतो आणि साधनाचीच पूजा करू लागतो. जाड कवचाच्या अंड्याला आणि पातळ कवचाच्या अंड्याला, मोठ्या अंड्याला आणि लहान अंड्याला एकच आर्द्रता सारखी लागू पडत नाही. वजनकाटा मात्र कवच कसे आहे, हवा कशी आहे आणि हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारे यंत्र) खरा आहे की खोटा, या सगळ्यांचा हिशेब एकाच आकड्यात आपल्यापुढे ठेवतो.

आता जानेवारीत तेच मशीन आणि तेच ट्रे का चालले, हे पाहू. हवा तापवली की तिच्यातले पाणी तेवढेच राहते, पण पाणी सामावून घेण्याची तिची कुवत वाढते, म्हणून आर्द्रतेची टक्केवारी खाली येते. जानेवारीत आपल्या खोलीत २२ अंश तापमान आणि ५५ टक्के आर्द्रता असेल, तर हीच हवा मशीनमध्ये शिरून ३७.५ अंशांना तापली की तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्याही आत येते. तिथून ५०-५५ पर्यंत चढायला पाण्याचे ट्रे लागतातच. जुलैत खोलीत २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असते. ही हवा ३७.५ अंशांना तापल्यावरसुद्धा तिची आर्द्रता ५० टक्के उरते, आणि त्या वेळी मशीनमध्ये पाण्याचा एक थेंबही ठेवलेला नसतो. म्हणजे १८ दिवसांसाठी जेवढा ओलावा हवा तेवढा पाऊस आपल्याला फुकटात देत असतो आणि ट्रेमधले पाणी त्यावर अधिक होते. तेच पत्रक घेऊन माण, आटपाडी किंवा सांगोल्याकडचा कोणी एप्रिलमध्ये अंडी ठेवील, तर त्याला दोन ट्रेही पुरणार नाहीत, कारण तिथल्या दुपारची कोरडी हवा मशीनमध्ये २० टक्क्यांच्या आसपास भरते. पत्रक खोटे नाही, पण ते कोणत्या गावात आणि कोणत्या महिन्यात वाचले जाणार आहे हे छापणाऱ्याला ठाऊक नव्हते.

पुढच्या बॅचला काय करावे ते आता सांगतो, आणि त्याची सुरुवात एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्याने करतो. अंडी ठेवण्याच्या दिवशी एका जाळीच्या ट्रेमधली ३० अंडी निवडा आणि प्रत्येकाचे वजन पेन्सिलीने कवचावर लिहा. शाईचे पेन किंवा मार्कर वापरू नका. ३० गावठी अंड्यांचे एकत्र वजन १३५० ग्रॅम भरले असे धरू. १२ टक्के म्हणजे १६२ ग्रॅम, आणि ते १८ दिवसांत जायचे, म्हणजे दिवसाला ९ ग्रॅम. त्यानुसार ६ व्या दिवशी वजन १२९६, १२ व्या दिवशी १२४२ आणि १८ व्या दिवशी ११८८ ग्रॅम असायला हवे. रिकाम्या ट्रेचे वजन आधी करून ते वजा करायला विसरू नका. मधल्या तपासणीत वांझ किंवा मेलेले अंडे काढावे लागले, तर त्याच्यावर लिहिलेले मूळ वजन एकूण मूळ वजनातून कमी करा आणि उरलेल्यांचा हिशेब नव्याने मांडा. अंड्यावर वजन लिहून ठेवायला सांगितले ते यासाठीच. वजन करायला पाच-सात मिनिटे लागतात, तेवढ्याने अंडी थंड पडून बिघडत नाहीत. कोंबडीसुद्धा दाणे टिपायला रोज उठतेच.

समजा ६ व्या दिवशी काट्याने १२९६ ऐवजी १३१४ दाखवले, म्हणजे ५४ ऐवजी ३६ ग्रॅमच घट झाली आणि मशीनची आर्द्रता ६८ होती. इथे एक सोपा नियम उपयोगी पडतो : अंड्यातून पाणी जाण्याचा वेग हा आर्द्रता १०० पासून जितकी दूर, तितक्या प्रमाणात असतो. ६८ असताना ते अंतर ३२ होते आणि दिवसाला ६ ग्रॅम पाणी जात होते. आर्द्रता ५० वर आणली की अंतर ५० होते, म्हणून दिवसाला साधारण ९.४ ग्रॅम पाणी जाईल. उरलेल्या १२ दिवसांत सुमारे ११२ ग्रॅम जाऊन १८ व्या दिवशी एकूण घट १४८ ग्रॅम, म्हणजे ११ टक्के भरेल आणि बॅच वाचेल. काहीच बदल केला नाही तर घट जेमतेम ८ टक्क्यांवर थांबेल आणि आपण पुन्हा मला असेच पत्र लिहाल. उलट घट जास्त होत असेल, तर याच हिशेबाने आर्द्रता वाढवायची. ६ व्या दिवसाचे वजन मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्या वेळी चूक सुधारायला दिवस हाताशी असतात. १८ व्या दिवशीचे वजन काय घडून गेले एवढेच सांगते.

आर्द्रता ५० वर आणायची कशी, तर जुलैत पहिले १८ दिवस दोन्ही ट्रे पूर्ण कोरडे ठेवा. ट्रे भरलेला आहे की अर्धा, याने फारसा फरक पडत नाही. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागातून होते, खोलीतून होत नाही. म्हणून अर्धा भरलेला ट्रेसुद्धा भरलेल्याइतकाच ओलावा देतो, आणि ओलावा कमी करायचा तर लहान तोंडाचे भांडे घ्यावे लागते. दुसरी गोष्ट हवेच्या झरोक्यांची. ते पूर्ण उघडे ठेवा. आपली १०० अंडी स्वतःच दिवसाला सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी हवेत सोडत असतात आणि ते बाहेर जायला वाट हवी. याउलट उन्हाळ्यात आर्द्रता वाढवण्यासाठी झरोके बंद करण्याचा मोह होतो, तोही टाळावा. मी सुरुवातीच्या काळात एकदा झरोक्यांवर चिकटपट्टी लावून आर्द्रतेचा आकडा अगदी हवा तसा मिळवला होता. शेवटच्या दिवसांत पिल्लांना प्राणवायू कमी पडला आणि जवळपास अख्खी बॅच मी स्वतःच्या हाताने घालवली. आकडा मात्र शेवटपर्यंत सुंदर होता.

तिसरी गोष्ट मशीन कुठे आहे याची. आपण त्याविषयी लिहिलेले नाही, म्हणून विचारतो : पावसाळ्यात ज्या खोलीत किंवा पडवीत ओले कपडे वाळत घालता, तिथेच मशीन नाही ना? एका कुटुंबाचे धुतलेले कपडे रात्रभरात काही लिटर पाणी खोलीच्या हवेत सोडू शकतात, आणि मशीन तीच हवा आत ओढते. चुलीवर उकळणारे पाणी, न्हाणीघराचे दार, ओली जमीन यांचेही तसेच आहे. मशीन अशा जागेपासून दूर, हवा खेळती असलेल्या पण पावसाचे तुषार न येणाऱ्या खोलीत हलवा. खोलीत जास्तीचा बल्ब किंवा शेगडी लावून ‘हवा कोरडी करण्याचा’ सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. खोली तापवल्याने हवेतले पाणी कुठेही जात नाही, आणि मशीन ती हवा शेवटी ३७.५ अंशांनाच नेणार असल्यामुळे आतल्या आर्द्रतेत काहीही फरक पडत नाही. गॅसची शेगडी तर जळताना स्वतःच वाफ सोडते. हवेतून पाणी खरोखर काढून घेणारी साधने दोनच, एअर कंडिशनर आणि डीह्युमिडिफायर. १०० अंड्यांसाठी त्यांचा खर्च करावा असे मी सांगणार नाही. घरात आधीच एअर कंडिशनर असलेली खोली असेल तर मशीन तिथे ठेवता येईल, पण मग तिथली हवा इतकी कोरडी होईल की जानेवारीप्रमाणे पुन्हा ट्रेमध्ये पाणी घालावे लागेल. कोणत्याही परिस्थितीत थंड हवेचा झोत थेट मशीनवर येऊ देऊ नये.

हे सगळे हायग्रोमीटरच्या भरवशावर चालले आहे, आणि स्वस्त डिजिटल हायग्रोमीटरवर माझा फारसा विश्वास नाही. त्याची परीक्षा घरच्या मिठाने करता येते. बाटलीच्या एका झाकणात मीठ घेऊन त्यात थोडेच थेंब पाणी घाला. मीठ ओल्या वाळूसारखे व्हावे, विरघळून जाऊ नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत शेजारी शेजारी, एकमेकांना न लागतील असे रात्रभर ठेवा. बंद जागेत अशा मिठावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्के राहते. सकाळी यंत्राने ६८ दाखवले तर ते ७ ने कमी दाखवते आहे, आणि आपल्याला ६५ वाटत होते तेव्हा आत प्रत्यक्षात ७२ होते. ज्यांना डिजिटल यंत्र नको असेल त्यांनी साध्या थर्मामीटरच्या फुग्याला सुती वात गुंडाळून तिचे दुसरे टोक पाण्यात सोडावे आणि तो पंख्याच्या वाऱ्यात ठेवावा. कोरडा थर्मामीटर ३७.५ दाखवत असताना ओला २९ दाखवील तर आर्द्रता सुमारे ५३, ३० दाखवील तर ५८ आणि ३२ दाखवील तर ६८ असते. वात क्षारांनी कडक झाली की आकडा फसवा येतो, म्हणून ती दर बॅचला बदलावी.

१८ व्या दिवसानंतर मात्र नियम उलटा होतो. अंडी फिरवणे बंद करायचे आणि आर्द्रता ६५ ते ७० वर न्यायची. आता उद्देश पाणी टिकवणे हा नसतो. पिल्लाने कवचाला पहिला तडा दिल्यावर आतला पडदा वाळून त्याच्या अंगाला चिकटू नये, एवढ्यासाठीच हा ओलावा लागतो. पावसाळ्यात त्यासाठी एक छोटा ट्रे पुरतो. पहिली काही पिल्ले बाहेर आली की त्यांच्या ओल्या अंगांमुळे आर्द्रता आपोआप ८० कडे जाते, तेव्हा घाबरून दार उघडू नये. मागच्या बॅचमध्ये लव चिकट होती म्हणून या तीन दिवसांतही मशीन कोरडे ठेवण्याचा विचार आपल्या मनात येईल, पण तसे करू नका. ती चूक आधीच्या १८ दिवसांची होती आणि तिची भरपाई शेवटच्या तीन दिवसांत होत नाही.

अडकलेल्या पिल्लाबद्दल आपण विचारले आहे. पहिला तडा दिसल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत १२ ते २४ तास लागणे अगदी स्वाभाविक आहे. या वेळात ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि पडद्यातल्या रक्तवाहिन्या बंद होत असतात. बाहेरून काही हालचाल दिसत नाही म्हणून आपण घाईने कवच सोलले, तर रक्तस्राव होऊन धडधाकट पिल्लूही मरते, आणि त्यासाठी दार उघडले म्हणून शेजारच्या दहा अंड्यांचे पडदे वाळतात ते वेगळेच. २४ तास उलटून गेले, बाकीची पिल्ले निघून गेली आणि पडदा वाळून कागदासारखा पांढरा दिसत असेल, तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने तो ओला करून तड्याभोवतीचा थोडासा भाग मोकळा करावा, आणि रक्ताचा ठिपका दिसताच थांबावे. अशा मदतीने निघालेली पिल्ले पुढे जगण्याचे प्रमाण मला तरी फारसे उत्साहवर्धक वाटलेले नाही.

निघालेल्या पिल्लांचेही वजन करा, असे मी आवर्जून सुचवीन. लव सुकलेल्या, नुकत्याच काढलेल्या पिल्लाचे वजन मूळ अंड्याच्या साधारण ६७ ते ६८ टक्के असावे. ४५ ग्रॅमच्या अंड्यातून ३० ग्रॅमचे पिल्लू निघाले तर आर्द्रता बरोबर होती. ३२ ग्रॅमच्या पुढचे गुबगुबीत पिल्लू पाहून आनंद होतो खरा, पण त्या वजनात बहुधा न गेलेले पाणी असते.

अंडी साठवण्याविषयी आपण काही लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात : ७ दिवसांपेक्षा जुनी अंडी शक्यतो ठेवू नका, आणि फ्रिजमध्ये तर मुळीच नकोत. फ्रिजचे तापमान उबवणीच्या अंड्याला फार कमी पडते. शिवाय तिथून पावसाळी हवेत काढलेल्या अंड्याला दव सुटते आणि त्या ओलाव्याबरोबर कवचावरचे जंतू छिद्रांतून आत जातात. अंडी धुणेही याच कारणासाठी टाळावे. मातकट झालेले अंडे उबवणीला न ठेवता घरात खावे.

राहिली बदकाची अंडी. ती त्याच मशीनमध्ये उबतात, तापमानही जवळपास तेच चालते, पण त्यांना २८ दिवस लागतात. आपल्याकडची बदके मस्कोव्ही जातीची असतील तर ३५ दिवस धरावेत. कोंबडीची आणि बदकाची अंडी एकाच दिवशी ठेवली, तर १८ व्या दिवशी कोंबडीच्या अंड्यांसाठी आपण आर्द्रता वाढवाल आणि त्याच वेळी बदकाच्या अंड्यांतून पाणी जायला हवे असेल. बदकाची अंडी तर कोंबडीपेक्षा थोडी अधिकच, साधारण १३ ते १४ टक्के घटावी लागतात. एकत्रच ठेवायची असतील तर बदकाची अंडी ७ दिवस आधी ठेवा, म्हणजे दोन्हींचे शेवटचे तीन दिवस एकाच वेळी येतील. पण एकाच मशीनमध्ये १८ दिवसांची आणि २५ दिवसांची घट दोन वेगळ्या वजनांनी सांभाळणे हे कोरड्या ऋतूतच जमते. या पावसाळ्यात फक्त कोंबडीची अंडी ठेवा आणि बदकाची अंडी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर घ्या.